पोत्यावरची तारीख

४ मार्च, सोमवार

ही डायरी तीन वर्षांपूर्वीची आहे. दूध पावडरच्या कंपनीने ह्यांना भेट दिली होती. तारखा चालतात, वार चुकतात. आजच्या पानावर गुरुवार छापलाय. एक रेघ मारून तो खोडला आणि वर सोमवार लिहिलं. एवढी कोरी पानं टाकून नवी डायरी आणायची, हे माझ्याच्याने होत नाही.

पहिली पानं ह्यांच्या अक्षरातली आहेत. ह्यांचं लिहिणं बोलण्यासारखंच, मोजकं. एका शनिवारी ‘पावडर पाच पोती. चिठ्ठ्या घरी.’ पुढच्या शनिवारी ‘पावडर चार पोती. चिठ्ठ्या घरी.’ सोळा फेब्रुवारीला हे दुकानातून आले, पाठ दुखतेय म्हणाले, आणि खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. तिथून पुढे पानं कोरी.

चिठ्ठी म्हणजे पोत्याच्या तोंडाशी शिवलेला जाड कागद. आत काय आहे, कधी बनवलं, कधीपर्यंत खायचं, सगळं त्यावर असतं. पोतं संपलं की चिठ्ठीचं काम संपतं. हे त्या घरी आणायचे आणि त्यांच्यावरूनच मी वाचायला शिकले. शाळा मी बाहेरूनच पाहिलेली. आयुष्यात पहिलं वाक्य वाचलं ते ‘कोरड्या जागी ठेवा’. त्या दिवशी मी घरभर ते म्हणत फिरले होते आणि वन्सं म्हणाल्या होत्या, “हिला कुणीतरी आवरा.” मग वर्तमानपत्र, मग वाचनालयातली पुस्तकं. पण चिठ्ठ्या टाकवल्या नाहीत. पलंगाखाली ट्रंकभर आहेत. हे गेल्यावर दुकानात ह्यांच्या जागेवर मी बसले आणि चिठ्ठ्या आणायची सवय तशीच चालू ठेवली.

आज लिहायला कारण घडलं. पॅकिंगच्या खोलीत सरकारी कागद लागला. अन्नतपासणी खात्याकडून आलेला. मालकांनी पाहिलाही नाही, पैलवानाला म्हणाले, लाव कुठेतरी. पैलवान म्हणजे आमच्याकडे पोती वाहणारे. पन्नाशी उलटलेली, अंगाने काडी, म्हणून पैलवान. त्यांनी कागद नेमका माझ्या टेबलासमोर चिकटवला.

“इथेच का हो?” मी विचारलं.

“वाचणारं माणूस खोलीत एकच आहे, वहिनी. बाकीच्यांना भिंत काय नि कागद काय.”

सात कलमं आहेत. आज दोन झाली.

५ मार्च, मंगळवार

चौथं कलम असं आहे: ‘मोठ्या पोत्यातला माल छोट्या पाकिटांत भरताना पाकिटावरची मुदत मूळ पोत्यावरच्या मुदतीपुढे जाता कामा नये.’

तीनदा वाचलं.

आमचं काम असं चालतं. पैलवान पोतं फोडतात. एक बाई वजन करते, दुसरी सील मारते, आणि शेवटी मी लेबलावर तारखेचा शिक्का मारते. शिक्क्याला तीन चाकं आहेत, दिवस, महिना, वर्ष. ज्या दिवशी भरलं तिथून सहा महिने पुढे चाकं फिरवायची. ह्यांनीच शिकवलेलं, एकदा मी डबा द्यायला गेले होते तेव्हा. “आजची तारीख धर, सहा महिने मोज, आणि मारत सुट.” मला वाटायचं, पाकिटात गेलं की पावडरीचं वय नव्याने सुरू होतं. कसं वाटलं मला असं? नवा सदरा घातला म्हणून कुणी वयाने लहान होतो का?

समोरच्या पोत्याची चिठ्ठी पाहिली. ३० एप्रिल. हातातलं पाकीट पाहिलं. ५ सप्टेंबर. शिक्का माझाच, शाई अजून ओली.

तीन वर्षं मी जुन्या मालाला तरुण करत बसले आहे. एका पोत्याची पन्नास पाकिटं होतात. हिशेब करायला घेतला आणि सोडून दिला.

मालकांना हे ठाऊक नसणार. सांगायला हवं.

७ मार्च, गुरुवार

सांगितलं. मालक हसले.

“वहिनी, तुम्ही फार वाचता बुवा.” मालक ह्यांचे लहानपणापासूनचे मित्र, म्हणून मी त्यांची वहिनी, आणि मग सगळ्या दुकानाचीच. “पावडर आहे ती. दूध थोडंच आहे नासायला?”

“पण कागदात स्पष्ट लिहिलंय.”

“कागदात पुष्कळ लिहितात. लिहिणाऱ्याला दुकान चालवायचं नसतं.”

“मला तर ह्यांनी असंच शिकवलं होतं, म्हणून विचारते.”

मालकांनी चष्मा काढून पुसला. “हो,” म्हणाले, “त्यानेच शिकवलं.” मित्राची आठवण आली असणार. मलाच वाईट वाटलं, उगाच विषय काढला. ह्यांच्यासाठी ते रोज वेगळा कोरा चहा मागवायचे, हे आठवलं. दुकानातला सगळ्यांचा चहा पावडरीचा, पण ह्यांना पावडर कधी आवडली नाही.

दुपारनंतर पाहिलं तर त्या कागदावर मोठं कॅलेंडर टांगलेलं होतं.

आणि मी? शिक्का मारत होते. खोटं का लिहू.

९ मार्च, शनिवार

पाळणाघरवाल्या बाई दुकानात आल्या. मागच्या गल्लीत त्या अठरा मुलं सांभाळतात. हातात आमचं फोडलेलं पाकीट. पावडरीचे गोळे झालेले, वास कोंदट. दोन मुलांना उलट्या झाल्या, त्यातली एक तर वर्षाचीही नाही.

“तारीख तर पुढची आहे हो,” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “मी तारीख बघितल्याशिवाय काही घेत नाही.”

मालक काउंटरवरून गोड आवाजात म्हणाले, “पाकीट उघडं राहिलं असेल, ताई. ओलावा लागला. हे घ्या, नवीन पाकीट, माझ्याकडून.”

ते नवीन पाकीट त्याच पोत्यातलं होतं, मुदत जानेवारीतच संपलेल्या. मी दारात उभी होते. त्या माझ्याकडे पाहून ओळखीचं हसल्या. मीही हसले. मग आत जाऊन हात धुतले. शाई निघेना.

१२ मार्च, मंगळवार

आज तपासणी झाली. काल दुपारीच मालकांना कुणाचा तरी फोन आला होता, त्यामुळे सकाळी फरशी चकचकीत, सगळ्यांच्या डोक्याला टोप्या, हातमोजे. पैलवान टोपी घालून आले आणि म्हणाले, “वहिनी, मला बघून आता कुणी ऑपरेशन करून घ्यायला आडवं पडायचं.”

तपासायला आलेल्या बाई नवीन होत्या. तिशीच्या असतील, आवाज बारीक. फळीवरून एक पाकीट उचललं, वजन केलं, लेबल वाचलं. सगळं मुदतीत. मुदतीत असणारच, मुदत मीच दिलेली. नमुना म्हणून ते बरोबर घेतलं. मालकांनी पुढच्या रांगेत मुद्दाम ताजं लावलं होतं.

मग त्यांनी विचारलं, “मूळ पोत्यांच्या चिठ्ठ्या कुठे ठेवता?”

“पोत्याबरोबर कचऱ्यात जातात, मॅडम.”

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उचलून पाहिलं. खालचा कागद दिसला. कॅलेंडर काढून शेजारच्या खिळ्याला लावलं. आमच्याकडे वळून म्हणाल्या, “कुणाला काही सांगायचंय?”

मी शिक्क्याकडे बघत बसले. त्यांनी माझ्या टेबलावर एक कार्ड ठेवलं आणि गेल्या. सगळ्यांची टेबलं सोडून माझ्याच का, कळलं नाही. बहुतेक दाराजवळ होतं म्हणून.

१३ मार्च, बुधवार

वन्संना सगळं सांगितलं. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, आम्ही दोघी इथे एकत्र राहतो. वयाने सत्तर, जिभेने पंचवीस.

“तोंडाला काय सील मारलं होतं का तुझ्या?” म्हणाल्या. “कळलं की तुला चुकतंय? मग? एरवी भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीवरून भांडतेस!”

“काम जाईल, वन्सं.”

“जाईल तर जाईल. दोन बायका, चार भाकऱ्या.” मग हळूच, “पण माझ्या भावाचं नाव यात कुठे यायला नको. ते सांभाळून काय करायचं ते कर.”

मी म्हटलं, त्यांचं नाव कशाला येईल.

१८ मार्च, सोमवार

चार दिवस लिहिलं नाही. ताप होता. काल उतरला, आज कामावर गेले.

शिक्का नेहमीसारखा लागला. ‘१८ सप्टेंबर’. मग मी बॉलपेन घेतलं, त्यावर एक रेघ मारली आणि शेजारी पोत्यावरची तारीख लिहिली. ‘३० एप्रिल’. पुढचं पाकीट. पुन्हा शिक्का, पुन्हा रेघ, पुन्हा ‘३० एप्रिल’. शिक्काच नीट फिरवता आला असता. पण मला ती रेघ दिसायला हवी होती. या डायरीत वार खोडते तशी.

पन्नासची पन्नास केली. वजनवाली म्हणाली, “वहिनी, तापात डोकं फिरलंय का?” सीलवाली मात्र माझ्याकडे पाकिटं हळूहळू सरकवायला लागली, मला लिहायला वेळ मिळावा म्हणून. पैलवान ती पाकिटं घेऊन गेले आणि थेट पुढच्या फळीवर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर लावून आले.

अर्ध्या तासात मालक आत.

“हे काय आहे?”

“खरी तारीख.”

“खोडाखोड केलेला माल कोण घेईल?”

“ज्याला घ्यायचाय तो वाचून घेईल. पुढच्या महिनाअखेरच्या आत संपवेल. लहान मुलांना देणार असेल तर कदाचित घेणार नाही.”

त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. दार लावलं. ह्यांचे लहानपणापासूनचे मित्र, आमच्या घरी जेवलेले. आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट.

“वहिनी, ही पद्धत माझी नाही. आठ वर्षांपूर्वी या खोलीत ती कुणी बसवली, माहितेय? हा शिक्का कुणी आणला? पोत्याच्या चिठ्ठ्या दर शनिवारी जाळायचं काम कुणाचं होतं? मी त्याला म्हटलं, दुसऱ्या कुणावर सोपवू नकोस, तूच जाळ. आणि आठवडा चुकवला नाही त्याने. उद्या खात्यातली ती बाई आली तर मी सांगेन, सगळं त्याच्या डोक्यातून निघालं. मेलेला माणूस काय उत्तर देणार?”

माझ्या कानात एकच शब्द अडकला होता.

“जाळायचं?” मी म्हटलं.

“हो. तुमच्या घरच्या बंबात. आणि त्याच्यामागे तुम्ही. तुम्हीही नेताच ना चिठ्ठ्या शनिवारी? जाळताच ना?”

मी मान हलवली. कशी हलवली ते मला आठवत नाही, त्यांना हवी तशी दिसली असेल. टोपी काढून टेबलावर ठेवली आणि घरी आले.

१९ मार्च, मंगळवार

ह्यांची पानं पुन्हा वाचली. सात शनिवार आहेत. सात वेळा ‘चिठ्ठ्या घरी’.

मला वाटायचं, माझ्या शिकण्याची ह्यांना केवढी काळजी, डायरीतसुद्धा नोंद करतात.

तोवर मी जाडजूड पुस्तकं वाचत होते. तेव्हा मला चिठ्ठ्यांची काय गरज होती?

२० मार्च, बुधवार

सकाळी ट्रंक बाहेर ओढली. वन्सं पाटावर बसल्या होत्या, उठल्या आणि ट्रंकेवर येऊन बसल्या. शब्दशः वर.

“उठा, वन्सं.”

“नाही उठत. गेला तो. त्याला गेल्यावर तरी सुखाने राहू दे.”

“मालक म्हणतात, त्यांनीच सगळं केलं.”

“मालकाची जीभ झडो.”

“खोटं आहे का?”

वन्सं पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, “एकदा मी चहात तुमच्या दुकानातली पावडर घातली. त्याने कप माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाला, ताई, या घरात ही येऊ द्यायची नाही. मी विचारलं का, तर म्हणाला, विचारू नकोस.”

कोरा चहा. मला वाटायचं आवडत नाही.

मी फरशीवर बसले. राग आला म्हणावं तर समोर कुणी नव्हतं. इतक्या वर्षांत मी ह्यांच्यासाठी पुष्कळ रडले, पण आजचं रडणं निराळं होतं, त्यात भांडण होतं. घरातला चहा वाचवला. आणि पाळणाघरातली अठरा मुलं? ती कुणाच्या घरातली?

हेच मी मोठ्याने बोलले असावे. कारण वन्सं ट्रंकेवरून उतरल्या, कडी काढली आणि दोन्ही हातांनी चिठ्ठ्या उपसायला लागल्या.

“मला वाचता येत नाही,” म्हणाल्या. “पण यांचे रंग वेगळे आहेत.”

खरंच होते. कंपनी दर तीन महिन्यांनी चिठ्ठीचा रंग बदलते, इतकी वर्षं माझं लक्षच गेलं नव्हतं, मी अक्षरंच बघत बसले. वन्संनी हिरव्यांचा, पिवळ्यांचा, निळ्यांचा ढीग केला. प्रत्येक ढीग मी तारखेने लावला. ह्यांच्या वेळच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर पेन्सिलीने बारीक अक्षरात एकेक तारीख लिहिलेली सापडली. पूर्वी मला वाटायचं ती घरी आणल्याची असेल. ती पाकिटावर मारलेली तारीख होती. पुढे पोत्याची खरी, मागे शिक्क्याची खोटी. प्रत्येक चिठ्ठीवर.

कशासाठी लिहून ठेवलं, हे त्यांना विचारता आलं असतं तर. भीतीने? की कुणीतरी कधीतरी वाचावं म्हणून? वाचणारं माणूस घरात एकच होतं.

वन्सं म्हणाल्या, “जेवायला उठ आता. मग बांधू.”

२२ मार्च, शुक्रवार

ट्रंक खात्याच्या कार्यालयात नेली. पैलवान हातगाडी घेऊन दारात हजर. म्हणाले, त्यांचं त्याच बाजूला काम होतं. काय काम ते सांगेनात, आणि दिवसभर मग आमच्याबरोबर बाकावरच बसून राहिले. वन्संना पाणी आणून दिलं, मला दोनदा.

त्या बारीक आवाजाच्या बाईंनी ट्रंक उघडली आणि खुर्ची ओढून खाली बसल्याच. एक चिठ्ठी उलटी केली, सुलटी केली. दुसरी घेतली. मग दार बंद केलं आणि फोनवर सांगितलं की आज दुसरं कुणी आत सोडू नका.

“नमुना तर पास झाला होता,” त्या म्हणाल्या. “आमच्या हातात काहीच उरलं नव्हतं.”

बाईंनी जबाब लिहायला घेतला. मीच लिहिते म्हटलं. माझं अक्षर काही सुंदर नाही, पण माझं आहे. कोण माल आणायचा, कोण हुकूम द्यायचा, शिक्का कसा फिरायचा, सगळं लिहिलं. मग रकाना आला, ‘लेबलावर तारीख कोणी टाकली’.

बाई हाताने मला थांबवून म्हणाल्या, “तीन वर्षांपासूनचं तुमचं लिहा. त्याच्या आधीचं... ते आता नाहीत. चिठ्ठ्या त्यांनीच जपल्या म्हणून केस उभी राहतेय. तो रकाना कोरा ठेवला तरी माझं काम होईल.”

वन्सं माझ्याकडे बघत होत्या. पैलवान छताकडे.

मला तो कप दिसत होता, वन्संच्या हातातून काढून घेतलेला. आणि पेन्सिलीच्या त्या बारीक तारखा. दोन्ही एकाच माणसाच्या हातच्या.

“नाही,” मी म्हटलं. “अर्धं लेबल मी लावत नाही.”

आधी ह्यांचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. खाली माझं. त्यापुढे लिहिलं, ‘चिठ्ठ्या जाळायचा हुकूम होता. ह्यांनी जाळल्या नाहीत. हेही लिहून घ्यावं.’

बाहेर आल्यावर वन्सं म्हणाल्या, “वडिलांच्या नावात वेलांटी नीट दिलीस ना?”

“तुम्हाला काय कळतंय त्यातलं!”

“म्हणूनच विचारते.”

२ एप्रिल, मंगळवार

दुकानाच्या पॅकिंगच्या खोलीला खात्याचं सील लागलंय. फळ्यांवरची पावडर उचलली. मालकांवर खटला चालेल, मलाही बोलावतील, साक्षीला आणि बहुधा गुन्ह्यालाही. बाईंनी तसं स्पष्ट सांगितलंय. चालेल. शिक्का मी मारला होता.

बाजारात काही जण मला पाहून रस्ता बदलतात. वजनवालीचंही काम गेलं, ती माझ्याशी बोलत नाही. तिचा राग मला कळतो. पाळणाघरवाल्या बाई आल्या होत्या. दारातच म्हणाल्या, “तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही हसलात.” मी हो म्हटलं. त्या बसल्या नाहीत. पण जाताना विचारून गेल्या, त्यांच्या कपाटातला बाकीचा माल मी एकदा येऊन वाचून देईन का. उद्या जाणार आहे.

आज दुसऱ्या दुकानात गेले. एकेक पाकीट उचलून वाचत होते, मागून दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. एकीने तिच्या हातातलं पाकीट पुढे केलं. “जरा बघता का, मला चष्म्याशिवाय दिसत नाही.” तिलाही वाचून दाखवलं, मोठ्याने. दुकानदार वैतागला.

“बाई, घ्यायचंय की वाचायचंय?”

“आधी वाचायचंय,” मी म्हटलं. “घेण्याचं मग बघू.”

घरी येऊन कोरा चहा केला. ह्यांच्या खुर्चीत बसून प्यायले, तीन वर्षांत पहिल्यांदा. अजून भांडते मी त्यांच्याशी. बहुतेक भांडतच राहीन. पण त्यांचं नाव मी कुठूनही खरवडून काढणार नाही, डायरीतून नाही, जबाबातून नाही.

या पानावर शुक्रवार छापला होता. रेघ मारून मंगळवार लिहिलाय. खोडलेलं दिसतंय. दिसू दे.